नातवाचं नाव कथबर्ट

मिरजेहून एका आजींचं पत्र आलं आहे. थोडं छाटून इथे देते.

"माझी मुलगी इंग्लंडात डरहॅमला शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून तिथेच राहिली. जावई गुणी आहे. मला 'आई' म्हणतो, कटाची आमटी वाटीने पितो. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना मुलगा झाला. परवा व्हिडिओ कॉलवर दोघांनी सांगितलं, नाव कथबर्ट ठेवायचं ठरलंय. जावयाच्या पणजोबांचं नाव, ते कोळशाच्या खाणीत होते म्हणे. मला ते फार ओबडधोबड वाटलं. मी मुलीकडे पाहिलं तर ती नुसती हसली. धाकटा मुलगा म्हणतो, तिकडे ते एका केकचं नाव आहे, शाळेत सगळे चिडवतील. मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणते. त्यातली हजार नावं सोडून हे कुठलं शोधून काढलं? त्याला काही अर्थ तरी आहे का? मुलीला 'नको' म्हणू का? दुपटं शिवून तयार आहे, एक कोपरा नाव भरायला रिकामा ठेवलाय. तो तसाच आहे."

ताई,

तुमचा एक शब्द धरूनच सुरुवात करते. तुम्हाला नाव 'ओबडधोबड' वाटलं. इंग्रजीत ओबडधोबड, गावंढळ या अर्थाचा एक शब्द आहे, 'अनकूथ'. त्याच्या पोटात तुमच्या नातवाच्या नावाचा पहिला अर्धा भाग बसलेला आहे. जुन्या इंग्रजीत 'कूथ' म्हणजे ओळखीचा, माहीत असलेला, नावाजलेला. 'अन' म्हणजे नाही. तेव्हा अनकूथ म्हणजे मुळात नुसतं 'अनोळखी'. जे अनोळखी ते विचित्र, जे विचित्र ते ओबडधोबड, अशी घसरण पुढच्या काही शतकांत झाली. म्हणजे तुम्हाला जे वाटलं ते त्या लोकांनाही हजार वर्षांपूर्वी वाटत होतंच की!

नावाचा दुसरा अर्धा भाग 'बर्ट'. हा तुमच्या ओळखीचा आहे. अल्बर्ट, रॉबर्ट, हर्बर्ट, गिल्बर्ट या सगळ्यांच्या शेपटीला तोच आहे. जुन्या इंग्रजीत 'बेओर्ख्त' म्हणजे तेजस्वी, लखलखीत. आजचा 'ब्राइट' तोच. तेव्हा कथबर्ट म्हणजे नावाजलेला आणि तेजस्वी. शब्दशः घ्यायचं नाही, बरं का. त्या काळची इंग्रजी नावं दोन शुभ शब्दांची जोडणी असत आणि जोडून वाक्य झालंच पाहिजे अशी अट नसे. एकाच घरात एक तुकडा पुन्हा पुन्हा वापरत. दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या एथेलवुल्फ राजाची मुलं होती एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड. आपल्याकडे चंद्रकांत, सूर्यकांत, शशिकांत असे सख्खे भाऊ असतात, त्यातलाच प्रकार.

आता सहस्रनाम. तुम्ही रोज म्हणता त्यात एक ओळ 'भ्राजिष्णुर्भोजनं भोक्ता' अशी सुरू होते. भ्राजिष्णु म्हणजे प्रकाशणारा. संस्कृतातला तो 'भ्राज्' धातू आणि इंग्रजीतला 'ब्राइट' हे एका मुळाचे आहेत. आणि 'कूथ'चं मूळ तेच, जे 'ज्ञात'चं, आपल्या 'जाणणे'चं. शब्दाला शब्द लावला तर कथबर्टचे संस्कृतातले नातेवाईक ज्ञात आणि भ्राज हे दोघं. इंग्रजी संस्कृतातून निघाली असं मी म्हणत नाहीये. तसे मेसेज सकाळी 'सुप्रभात'बरोबर मलाही येतात आणि मी ते पुढे पाठवत नाही. या दोन भाषा आई-मुलगी नव्हेत, एका फार जुन्या आजीच्या दूर दूर दिलेल्या नाती आहेत. पण नाती आहेत, हे भाषेच्या अभ्यासकांनी पक्कं केलेलं आहे. तेव्हा हजार नावं सोडून भलतंच काही शोधलं, असं झालेलं नाही. हजारातल्या एकाचा चुलत चुलत भाऊ तुमच्या घरी आलाय.

अर्थाचं इतकंच. पण खरं सांगू का, तुमच्या जावयाने अर्थ बघून नाव ठेवलेलंच नाही. डरहॅमच्या माणसाला हे नाव सुचलं, यात अर्थापेक्षा गावाचा भाग मोठा आहे. पंढरपुरात एखाद्याचं नाव पांडुरंग का, हे कोणी विचारत नाही. तसं ते आहे.

संत कथबर्ट हा त्या मुलखाचा. जन्म साधारण ६३४ सालचा. पोरवयात डोंगरावर मेंढ्या राखत असताना एका रात्री त्याने आकाशात उजेडाचा झोत पाहिला. त्यातून देवदूत कुणाचा तरी आत्मा वर नेताहेत असं त्याला दिसलं. नंतर कळलं, लिंडिसफार्नचा बिशप एडन त्याच रात्री वारला. साल ६५१. पोरगा मेंढ्या सोडून मेलरोजच्या मठात गेला. पुढे लिंडिसफार्न या बेटावरच्या मठाचा कारभार त्याच्याकडे आला. भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते, आजही. एवढं एकांत बेट त्याला पुरलं नाही. तो आणखी आत समुद्रात, फार्न नावाच्या खडकाळ बेटावर जाऊन एकटा राहिला. राजाने आणि मठवाल्यांनी हातापाया पडून त्याला ६८५ साली बिशप केलं. दोन वर्षांत तो आपल्या खडकावर परत गेला आणि २० मार्च ६८७ला तिथेच गेला.

हे आपल्याला कळतं ते बहुतांशी बीड या साधूमुळे. आपला जिल्हा नव्हे, माणूसच. कथबर्ट वारला तेव्हा बीड पोरसवदा होता, मोठेपणी त्याने कथबर्टचं चरित्र आधी पद्यात आणि मग गद्यात लिहिलं. त्यातली एक गोष्ट सांगते, नातवाला झोपवताना उपयोगी पडेल. कथबर्ट रात्री गुपचूप बाहेर जायचा. एका साधूला संशय आला, तो मागोमाग गेला. बघतो तर कथबर्ट गळ्याइतक्या थंडगार समुद्रात उभा राहून रात्रभर प्रार्थना करतोय. पहाटे तो वाळूवर येऊन गुडघे टेकून बसला, तेव्हा पाण्यातून दोन पाणमांजरं आली, त्यांनी आपल्या श्वासाने त्याचे पाय उबवले आणि अंगाच्या केसांनी पुसून कोरडे केले. फार्न बेटावर आयडर जातीची समुद्री बदकं आहेत. त्यांना कोणी इजा करायची नाही, असा त्याने दंडक घातला होता, असं तिकडचे लोक सांगतात. त्या बदकांना तिथे अजून 'कुडीचं बदक' म्हणतात.

कुडी! कथबर्टचं त्या भागातलं लाडाचं नाव. आणि इथे मी हातातला चहा खाली ठेवला, ताई. कारण आपल्या भाषेत कुडी म्हणजे देह, आणि या संताची सगळी पुढची कहाणी त्याच्या कुडीचीच आहे. हा निव्वळ योगायोग आहे, यात नातंगोतं काही नाही. पण ऐका.

मरणानंतर ११ वर्षांनी शवपेटी उघडली तर देह जसाच्या तसा. झालं, यात्रा सुरू झाली. ७९३ साली व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू, समुद्रावरून आले आणि त्यांनी मठ लुटला. ८७५ साली पुन्हा तेच भय उभं राहिलं, तेव्हा साधूंनी पेटी खांद्यावर घेतली आणि बेट सोडलं. कित्येक वर्षं ती पेटी उत्तर इंग्लंडात गावोगाव फिरत होती. मग चेस्टर-ली-स्ट्रीट नावाच्या गावात शंभर वर्षांवर मुक्काम झाला. ९९५ साली पेटी नदीच्या वळणातल्या एका उंच टेकाडावर आली आणि तिथून हलली नाही. आख्यायिका अशी की गाडा जागचा हलेना, आणि एक गवळण आपली हरवलेली गाय शोधत चालली होती, तिच्या मागे गेल्यावर जागा सापडली. त्या टेकाडावर जे गाव वसलं ते डरहॅम. म्हणजे तुमची मुलगी ज्या गावात राहते, ते गावच मुळी या नावाच्या माणसासाठी वसलेलं आहे. १०९३ साली तिथे आजचं प्रचंड कॅथीड्रल बांधायला घेतलं आणि ११०४ साली पेटी त्यात नेली. तेव्हा पेटीत तळहाताएवढं एक पुस्तक निघालं, लाल चामड्याच्या बांधणीचं, बायबलातलं योहानाचं शुभवर्तमान. मूळची बांधणी शाबूत असलेलं युरोपातलं ते सगळ्यात जुनं पुस्तक. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ साली ते ९० लाख पौंडांना विकत घेतलं.

तुम्ही डरहॅमला जाल तेव्हा कॅथीड्रलमध्ये दोन गोष्टी बघा. आत पश्चिम टोकाकडे फरशीत आडवी काळ्या दगडाची एक पट्टी आहे. पूर्वी बायकांनी त्या पट्टीपलीकडे जायचं नाही, संताला बायकांचा विटाळ, असा नियम होता. हे वाचून मी जरा तापले होते. मग कळलं की हा नियम त्याच्या मरणानंतर चारशे वर्षांनी आलेल्या मठवाल्यांचा उद्योग. जिवंतपणी कथबर्टची मठातल्या कर्त्या बायकांशी चांगली ऊठबस होती. त्यातल्या वेर्का नावाच्या एका मठाध्यक्षेने त्याला लिननचं एक कापड भेट दिलं होतं. जगत असताना त्याने ते अंगाला लावलं नाही, पण तिच्या मायेखातर जपून ठेवलं आणि मेल्यावर मला यातच गुंडाळा असं सांगून ठेवलं. तुमचं दुपटं त्याच कुळातलं. आणि दुसरी गोष्ट, मुख्य वेदीच्या मागे त्याची समाधी. आठव्या हेन्री राजाच्या काळात तिथला सोन्यारत्नांचा डामडौल सगळा उद्ध्वस्त केला, आता जमिनीत फक्त एक शिळा आहे आणि तिच्यावर एकच शब्द कोरलाय, 'कथबर्टस'. जावई बाळाला घेऊन तिथे जाईल आणि बोट ठेवून दाखवेल. एवढं भाग्य अर्णव-विहानांना नसतं, हे आपलं माझं मत.

आता चिडवण्याचं. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तुमच्या धाकट्याचं म्हणणं खरं आहे. आल्डी नावाच्या दुकानसाखळीचा सुरवंटाच्या आकाराचा चॉकलेट केक आहे, त्याचं नाव कथबर्ट. मार्क्स अँड स्पेन्सरच्या सुरवंटाचं नाव कॉलिन, तो आधीचा. २०२१ साली कॉलिनवाल्यांनी कथबर्टवाल्यांना कोर्टात खेचलं, सगळा देश हसला आणि पुढे ते आपसात मिटलं. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धात, लंडनच्या एका सायंदैनिकाच्या व्यंगचित्रकाराने लढाई चुकवून सरकारी खुर्चीत लपणारे लोक घाबरट सशांच्या रूपात काढले आणि त्यांना 'कथबर्ट' म्हटलं. पुढे काही वर्षं तो शब्द शिवीसारखाच चालला. तोवर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राजांपासून, म्हणजे १०६६पासून, विल्यम-रॉबर्ट-हेन्रींनी जुनी इंग्रजी नावं कडेला सारलेलीच होती. कथबर्ट उत्तरेत टिकला तो संताच्या पुण्याईवर. म्हणून आज हे नाव दक्षिणेत, लंडनकडे, एखाद्या जुन्या प्रहसनातल्या उमरावाच्या लाडावलेल्या पोराचं वाटतं आणि डरहॅमकडे खाणीत राबलेल्या आजोबांचं. एकच नाव, दोन कानांना दोन. तेव्हा मुलीला विचारायचं असेल तर हे विचारा, की तुम्ही डरहॅमलाच राहणार का पुढेमागे लंडनला जाणार? हा प्रश्न केकपेक्षा महत्त्वाचा आहे.

आणि केकचं म्हणाल तर ज्या पोराच्या नावाचा केक दुकानात तयार मिळतो, त्याच्या वाढदिवसाला बाकीची पोरं जळतील असंही होऊ शकतं.

भित्र्यांचं नाव म्हणून कुणी हिणवलंच तर दोन उत्तरं त्याच्या खिशात असू द्यात. कथबर्ट कॉलिंगवुड हा न्यूकॅसलचा आरमारी अधिकारी. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रजांचा सेनापती नेल्सन पडल्यावर आरमाराची सूत्रं त्याने हाती घेतली. घरी असला की खिशात ओकची फळं भरून फिरायला निघायचा आणि मोकळी जागा दिसली की एक मातीत दाबायचा, पुढच्या पिढीला जहाजांसाठी लाकूड हवं म्हणून. दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकन बाई दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये हेरगिरी करत होती. तिचा एक पाय लाकडी होता आणि त्याचं नाव तिने ठेवलं होतं कथबर्ट. १९४२च्या हिवाळ्यात जर्मन मागावर असताना ती पायी पिरेनीज पर्वत ओलांडून निसटली. निघताना कथबर्ट त्रास देणार नाही अशी आशा आहे, असं तिने लंडनला कळवलं. लंडनच्या अधिकाऱ्याला हा कोण ते माहीत नव्हतं. त्याने उलट कळवलं, त्रास देत असेल तर त्याला संपवा.

तुम्हाला उच्चाराची धास्ती वाटत असेल तर ती सोडा. इंग्रजी पुस्तकी उच्चार 'कथबर्ट'. पण डरहॅमकडे 'बस'ला 'बुस' म्हणतात, तेव्हा बाळाच्या तिथल्या आजी-आजोबांच्या तोंडी तो 'कुथबर्ट' होईल. म्हणजे तिथेही एकमत नाही. इंग्रजांचा 'थ' आपल्या 'थ'हून जरा वेगळा असतो, पण तुम्ही आपला खणखणीत 'थ' म्हणालात तरी काही बिघडत नाही. मी वसईला काही वर्षं शिकवत होते. वर्गात ऑस्वल्ड होता, विल्फ्रेड होता, आणि हजेरी घेताना ती नावं मला कधी परकी वाटली नाहीत. खूप नंतर कळलं की ऑस्वल्ड हा कथबर्टच्याच मुलखाचा राजा, लढाईत पडला आणि त्याचं शिर कथबर्टच्या शवपेटीत ठेवलेलं आहे. विल्फ्रिड हा त्याच काळचा, त्याच मुलखातला बिशप. इंग्लंडात ज्यांचं चलन कमी झालं ती नावं वसईच्या मुलांनी सांभाळली होती आणि डब्यात सुकटाची चटणी आणत होती.

तेव्हा मुलीला 'नको' म्हणू नका. पण एक गोष्ट जरूर करा. तुम्ही लिहिलंत, ती नुसती हसली. ते हसू कसलं होतं, हे तुम्ही आई आहात, तुम्हाला मला सांगावं लागू नये. जावई आसपास नसताना, दुपारच्या फोनवर, सहज विचारा, "तुला आवडलंय ना गं?" 'हो' म्हणाली तर विषय संपला. 'तसं काही नाही, पण...' असं म्हणाली तर त्या 'पण'पाशी थांबा आणि ऐकून घ्या. सुचवू काही नका. बाळंतिणीला या दिवसांत सगळेच काहीतरी सुचवत असतात.

तिलाच आणखी काही हवं असेल तर वाट आहे. इंग्लंडात जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते. बाळ तीन आठवड्यांचं झालंय म्हणता, म्हणजे अजून तितकेच दिवस हातात आहेत. नोंद झाल्यावरही १२ महिन्यांच्या आत नाव बदलता किंवा वाढवता येतं. आणि तिथे मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव असा आपल्यासारखा नियम नाही, मधे काहीही घालता येतं. तिने विचारलंच तर 'तेजस' सांगा. बर्टचा अर्थ तोच, आणि इंग्रजी जिभेला ते सहज पेलतं.

बारशाला कानात मात्र कथबर्टच सांगा. आपल्या रिवाजाप्रमाणे तो मान आत्याचा. आत्या इंग्रज असली म्हणून काय झालं, तिला पाळण्यापाशी वाकवा, नाव सांगायला लावा आणि मग सगळ्याजणींनी 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत हळूच धपाटे घाला. का ते आधी समजावून सांगा, नाहीतर गैरसमज व्हायचा. घरातलं नाव तुमचं तुम्ही ठेवा, बाळू, सोन्या, कथू, काय जिभेवर येईल ते. आपल्याकडे कागदावर अनिरुद्ध आणि घरात बंड्या हे चालतंच. फक्त 'कुडी' नको. गोड आहे, मला मोह झाला होता, पण त्या भागात कुडी म्हणजे गाढवसुद्धा.

दुपट्याचा कोपरा तेवढा भरून टाका. देवनागरीत भरलंत तर वर लिहिलंय तसंच, 'कथबर्ट'. इंग्रजीत भरणार असाल तर अक्षरं आठ आहेत, सी-यू-टी-एच-बी-ई-आर-टी. 'टी' दोनदा येतो. 'एच' एकदाच, आणि तो पहिल्या 'टी'नंतर.